हिरव्या टिकलीचा खर्डा

झाकण मधोमध उचललं गेलं होतं. फार नाही, तुरीच्या डाळीच्या जाडीइतकं. पूर्णिमानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली, डोळे झाकणाच्या पातळीत आणले आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. झाकण टक् करून खाली गेलं. अंगठा काढताच टक् करून पुन्हा वर आलं. आत हिरव्या खर्ड्यात, काचेला चिकटून, मोहरीएवढे दोन बुडबुडे होते. ती बघत असतानाच त्यातला एक सावकाश वर सरकला.

तिला बरं वाटलं.

खर्ड्याची बाटली नासली म्हणून बरं वाटणारं माणूस त्या घराण्यात ती एकटीच होती. बाकीच्यांनी असलं झाकण पाहिलं असतं तर आधी दोष एकमेकांवर ढकलला असता आणि मग बाटली परड्यात पुरली असती. पण या झाकणावर पांढरी टिकली होती. पांढरी टिकली म्हणजे नुसता खर्डा: मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ, लिंबू. टिकवायला काहीही नाही. तो नासायलाच हवा होता. तो नासला नसता तर शेजारच्या रांगा टिकल्या याला काही अर्थच उरला नसता.

शेजारी दोन रांगा होत्या. लाल टिकलीच्या बाटल्यांत कारखान्यात पडते ती पावडर होती. तिचं खरं नाव सोडियम बेंझोएट, पण घरात तिला नुसतं 'पावडर' म्हणत, जशी नावडत्या सुनेला नुसतं 'ती' म्हणतात. हिरव्या टिकलीच्या बाटल्यांत पूर्णिमाचा अर्क होता: मोहरी, तिरफळ आणि अगदी जपून लवंग. तिनं दोन्ही रांगांतली झाकणं दाबून पाहिली. सगळी सपाट. संक्रांतीनंतर तिनं या बाटल्या गावच्या घरातल्या धान्याच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या, कारण वर उघडा स्लॅब होता आणि वैशाखात ती खोली तव्यासारखी तापायची. टिकल्या काकीच्या. ती शिकवायची त्या कॉलेजातल्या चिकटपट्ट्या संपल्या होत्या.

चाचणी दिवाळीपर्यंत चालायची होती. म्हणजे दिवाळीपर्यंत आक्काला उत्तर द्यायला नको.

आक्का म्हणजे पूर्णिमाच्या वडिलांची थोरली बहीण. गंगावेशीत दूधकट्ट्याशेजारी पाटीवर भाकरी आणि खर्डा विकता विकता तिनं उद्यमनगरात कारखाना उभा केला होता. गुडघे गेल्यापासून तिचा एकच प्रश्न असे, "कारखाना बघतीस का न्हाय?" पूर्णिमा म्हणे, "चाचणी संपू दे." एक चाचणी संपली की दुसरी लागे. त्यातल्या गेल्या दिवाळीच्या चाचणीची तर घरात अजून आठवण निघत होती. लवंग जरा जास्त पडली होती आणि आक्काच्या धाकट्या भावानं, विजयसिंहकाकानं, तो खर्डा सगळ्यांसमोर बोटावर घेऊन दात घासून दाखवले होते. "सकाळी एक, रात्री एक," तो म्हणाला होता, "कीड मरती."

या खेपेला मात्र आक्कानं आधीच सांगून टाकलं होतं: म्हाईच्या जेवणाला, म्हणजे आज, सगळी जमतील तेव्हा कारखान्याचं बोलून टाकायचं. पूर्णिमा गप्प राहिली तर कारखाना विजूच्या हवाली. आणि विजूकाकाच्या हवाली म्हणजे त्याच्या पोराच्या, पृथ्वीराजच्या.

पृथ्वीराज त्याच वेळी खोकं घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, विषय हार्ड झालाय. बघच."

खोक्यात चकचकीत लेबलांची गुंडाळी होती. त्यावर लिहिलं होतं: 'आक्काचा खर्डा. शंभर टक्के नैसर्गिक. डॉ. पूर्णिमा यांच्या संशोधनातून.' खाली तुळशीचं पान.

"तुळस कशाला?" पूर्णिमानं विचारलं. "खर्ड्यात तुळस कुठं आहे?"

"डिझाइनवाल्यानं टाकली. नैसर्गिक म्हटलं की तुळस येतीच गं."

"आणि पावडर?"

"ती हाय की."

"म्हणजे आत पावडर आणि वर शंभर टक्के नैसर्गिक?"

"आत्ताच्या पुरतं," पृथ्वीराज म्हणाला. "तुझं जमलं की पावडर काढू. तवर नाव तर फिरंल मार्केटमधी. सोमवारी चिकटवायला घेतोय."

"माझं नाव कुणाला विचारून घातलंस?"

"आता घरातलंच नाव, त्याला काय विचारायचं?" तो खरोखरच चकित झाला होता. "आणि पप्पा हो म्हणले."

पूर्णिमानं लेबल परत गुंडाळून खोक्यात ठेवलं. कॉलेजात चुकीचा आकडा लिहिणाऱ्या पोराला ती वर्गाबाहेर काढायची. इथं तिचंच नाव एका चुकीच्या आकड्याखाली छापून आलं होतं आणि बाहेर काढायला वर्ग नव्हता. ती "बघू," म्हणाली. बाहेर मांडवातून काकाची हाक आली, पांढरा रस्सा उतरवायला माणूस पाहिजे म्हणून.

म्हाई म्हणजे गावच्या देवीच्या नावानं वर्षातून एकदा घराघरांत शिजणारं मटण, आणि ते खायला येणारं सगळं जग. बोलावलेले येतात, बोलावलेल्यांचे दोस्त येतात आणि गारगोटीच्या एसटीतून उतरलेला कुणी नुसता वास धरूनही येतो. "पावणं, बसा" म्हटलं की तो आपला. शिवाय या घराची एक वेगळी रीत होती. पंगतीत आधी खर्डा, मग भाकरी, आणि खर्डा चाटून झाल्याशिवाय पानात मटण पडत नसे. आक्काचा दंडक होता तो.

पूर्णिमा दुसऱ्या पंगतीला रस्सा वाढत होती. अर्धी रांग झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पानातल्या खर्ड्याचा रंग सगळीकडे सारखा नाही. कारखान्याचा खर्डा एकाच घाण्यातला, त्याचा रंग बदलायचं कारण नव्हतं. इथं एका पानात तो हिरवागार होता, दुसऱ्यात किंचित पिवळट आणि एका पानात त्याला फेस होता.

ती बादली घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली.

"काकी, खर्डा कुठला वाढलाय?"

काकी वडे तळत होती. तिनं मान वळवली नाही. "कुठला म्हंजे? आपलाच."

"कारखान्यातनं कुणी आणला?"

"कुणी न्हाय आणला!" काकी कढईतच ओरडली. "ह्येंला वाटलं पृथ्वी आणंल. पृथ्वीनं दोन खोकी आणली, मी म्हटलं चला, मिटलं. उघडून बघतोय तर नुसते कागद! खर्डेवाल्याच्या घरात म्हाईला खर्डा न्हाय. आता गावाला तोंड काय दाखवायचं? मग त्या धान्याच्या खोलीतल्या होत्या की बाटल्या, टिकल्या लावून ठिवलेल्या."

पूर्णिमानं ओट्याकडे पाहिलं. मोकळ्या झालेल्या बाटल्या एका ओळीत ठेवलेल्या होत्या. झाकणं सगळी एका परातीत, एकावर एक, लाल, हिरवी, पांढरी टिकली वर करून लखलखत होती.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट साधी असते: खूण बाटलीवर करायची, झाकणावर कधीही नाही, कारण झाकणं बदलतात. ती दर वर्षी पोरांना हे सांगायची. एकदा तर एकाचा अख्खा प्रयोग तिनं त्यापायी ओतून टाकला होता. आणि स्वतः मात्र टिकली कपाळावर लावतात तशी वरच लावली होती.

"पांढऱ्या टिकलीची कुणाला वाढलीस?" तिनं विचारलं.

"आता झाकण बघून वाढू का चमचा बघून? का गं?"

"ती नासली होती."

काकीच्या हातातला झारा तेलात पडला. "आगं बया! जावाय!"

काकीच्या लेकीचा, श्रुतीचा, नवरा अमरसिंह गडहिंग्लजहून सासुरवाडीच्या पहिल्याच म्हाईला आला होता. घरच्या माणसांची पंगत मागच्या सोप्यात बसली होती आणि पाटावर मानाच्या जागी तो बसला होता. पानात फेसाळलेला खर्डा, आणि तोही जवळजवळ संपलेला.

"मामी," त्यानं काकीला पाहताच हाक मारली, "ह्या खर्ड्याला सोडा मारलाय व्हय? जिभेवर नुसता फसफसतोय. लई भारी! आमच्याकडं असला मिळत न्हाय."

श्रुतीनं आईकडे पाहिलं, मग पूर्णिमाकडे. "काय झालं?"

"काही नाही," पूर्णिमा म्हणाली. तिनं पर्समधून आम्लता तपासायच्या कागदी पट्ट्यांची डबी काढली. अशी डबी लग्नकार्यातही तिच्या पर्समध्ये असे आणि त्यावर घरात बरेच विनोद झालेले होते. तिनं जावयाच्या पानातल्या खर्ड्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि पट्टी बुडवली. सगळी पंगत घास थांबवून बघू लागली.

"पोटात काय चाललंय ते कळतं व्हय त्यातनं?" अमरसिंहनं विचारलं. आता त्याचा आवाज थोडा बारीक झाला होता.

पट्टी पिवळसर नारिंगी झाली. पूर्णिमानं ती डबीवरच्या रंगांशी दोनदा ताडून पाहिली. "आंबलाय. चांगला आंबट आहे, म्हणजे भिण्यासारखं त्यात काही वाढलेलं नसणार. फार तर रात्री पोट गुडगुडेल. ताक प्या. हा आता टाकून द्या."

"टाकायचा कशाला? वाढा की उरलेला."

"पावणं!" काकी किंचाळली.

विजयसिंहकाकानं मात्र हसत भाकरीचा तुकडा मोडला. त्याला झाला प्रकार मनापासून आवडलेला दिसला. "बघा! पावडर न घातलेला खर्डा वैशाखात असा फसफसतोय. म्हणून म्हणतो मी. पावडर म्हंजे पावडर. ह्यो बघा माझा." त्यानं आपल्या पानातल्या खर्ड्याला बोट लावून चाटलं. "खणखणीत. चार म्हयनं धान्याच्या खोलीत शिजलाय, तरी मिरची जशीच्या तशी."

"हा लाल टिकलीचा कशावरनं?" पूर्णिमानं विचारलं.

"आगं, जलम गेला खर्डा विकण्यात. मला टिकली बघाया लागत न्हाय."

"मग या बघा." तिनं स्वयंपाकघरातून दोन बाटल्या आणल्या. दोन्हींच्या तळाशी थोडा थोडा खर्डा उरला होता. तिनं त्या काकासमोर ठेवल्या. "यातला तुमचा कुठला?"

सोप्यात एकदम जीव आला. पृथ्वीराज पान सोडून उठून आला. काकी पदरानं डोळे पुसत का होईना, पण पुढं सरकली. काकानं पहिल्या बाटलीतला खर्डा चाखला, डोळे मिटले, दुसऱ्या बाटलीतला चाखला, पुन्हा पहिल्यावर आला. ताटातला कांदा खाऊन जीभ स्वच्छ केली. एवढी काळजी त्यानं स्वतःच्या पोरीला स्थळ बघतानाही घेतली नव्हती.

"ही," तो शेवटी म्हणाला आणि उजवीकडची बाटली उचलली. "हिला चव हाय. दुसरी कडवट लागती जरा. दंतमंजन म्हणणार न्हाय मी, पोरीचा मान ठेवाय पायजे. पण ही माझी."

"मला दोन्ही खारटच लागल्या," काकी म्हणाली.

पूर्णिमानं उजवीकडची बाटली उजेडात धरली. बाटलीच्या गळ्याशी, खर्डा पूर्वी जिथवर होता तिथं, काचेवर तेलाची फिकट पिवळी कड होती. मोहरीचा अर्क वर येऊन तशी कड धरतो. पावडरची बाटली तिथं कोरडी असते. तिनं बाटली काकाच्या हातात दिली आणि कडेवर नख ठेवलं.

"ही हिरव्या टिकलीची आहे, काका."

काकानं कड पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाटलीत बोट घातलं, आता रागानं.

"विषय संपला," पृथ्वीराज म्हणाला.

"तू गप रं! कागद आणतंय म्हाईला!" काका खेकसला.

पूर्णिमाच्या मनात आलं ते जिंकल्याचं नव्हतं. दोन पंगती उठल्या, अख्ख्या गावानं तिचा खर्डा खाल्ला आणि त्याबद्दल एकही माणूस एक शब्द बोललं नाही. पहिल्यांदा तिला थोडा रागच आला. मग कळलं, तीन वर्षं ती नेमकं हेच मिळवायला धडपडत होती.

"पर एक सांग," काकानं बाटली खाली ठेवली. आता त्याचा आवाज धंद्याचा झाला होता. "ह्यो वर्सभर टिकंल?"

"नाही," पूर्णिमा म्हणाली. "चार महिने मी स्वतः बघितलेत. त्याच्या पुढचं आज तरी सांगता येत नाही."

"झालं! मग दुबईचा माल? बोटीत चढायच्या आधीच तारीख संपायची. दुकानदार वर्साच्या खाली हातबी लावत न्हाय. झाडपाल्यावर घर चालत नसतंय, पूर्णिमा."

"पप्पा, एक मिनिट," पृथ्वीराज म्हणाला. लेबलाचं खोकं त्यानं पायानं हळूच मागं सरकवलं होतं. "उलटं बघा की. तारीख जवळची असली की माणूस म्हणतंय ताजा हाय. ताजा म्हणून दोन पैसं जास्ती लावू. पुण्यात ह्येच्यावर उड्या पडतील."

"आरं, काल तर म्हणत होतास वर्साची तारीख टाकू म्हणून!"

"काल दाजींनी फसफसता खाल्ला नव्हता."

"माझं मत इचारलं तर," अमरसिंह म्हणाला, "फसफसताच विका."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. काका बायकोकडे वळला. "तू तरी सांग हिला."

काकी वड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. बत्तीस वर्षं ती नवऱ्याच्या बाजूनं बोलत आली होती आणि सगळ्यांना तेच अपेक्षित होतं. "मी काय सांगू?" ती म्हणाली. "म्हाई सोडली तर आपल्या घरात पावडरचा खर्डा तुम्ही कधी आणलाय का? खायला माझ्याकडनं पाट्यावर वाटून घेता. मला वाटतंय, जे आपण खातो तेच विकावं माणसानं."

काकानं तोंड उघडलं आणि त्यात वडा घातला.

"झालं का समद्यांचं?"

आक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. इतका वेळ तिनं भाकरीचा एकेक तुकडा खर्ड्यात बुडवून खाण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिनं तोंडातला घास चावून संपवला.

"खोलीतल्या बाटल्या उघडायला मीच सांगितलं," ती म्हणाली.

काकीनं खाली मान घातली.

"आक्का!" पूर्णिमा म्हणाली. "तुला माहीत होतं ती चाचणी आहे. दिवाळीपर्यंत—"

"म्हाईत हाय की. म्हणूनच उघडली. दिवाळीला एक, होळीला एक. तुझी चाचणी कधी सपणार आणि मी कधी मरणार, ह्येचा मेळ बसना." ती अजिबात रागावलेली नव्हती. "आता चाचणी गेली गावाच्या पोटात. आता काय सांगतीस?"

"तीन रांगांतली एक रांग नासली होती, आक्का. माणसं आजारी पडली असती."

"नासलेली बाजूला काढा म्हटलं हुतं मी. तुज्या काकीनं टिकलीची झाकणं आधी काढली आणि मग बघाय लागली, कुठली कुठली ते." काकीची मान आणखी खाली गेली. "ती चूक आमची. बाटलीला खूण न करायची चूक तुजी. फिटली. आता बोल."

पूर्णिमाला लेबलवरचं आपलं नाव दिसत होतं आणि सोमवार दिसत होता. आणि समोर काका दिसत होता, तोंडात वडा, मिशीला खर्डा. वडील गेले तेव्हा ती पाचवीत होती. त्या वर्षापासून बारावीपर्यंत या माणसानं तिला स्कूटरवरून शाळेत सोडलं होतं, पावसात स्वतःचा रेनकोट तिच्यावर घालून. पुढं प्रयोगशाळेत ती जे शिकली ते त्या स्कूटरवरून पोचलेलं होतं. तीन वर्षं ती चाचण्या लावत होती त्या मिरचीसाठी नाही, लवंगेसाठीही नाही. आक्काच्या प्रश्नाचं उत्तर याच्या समोर द्यावं लागू नये म्हणून.

"आमच्या टायमाला टिकायचा प्रश्नच नव्हता," आक्का आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. "पाटी घेऊन बसायचो, दुपारपतोर खर्डा सपायचा. टिकवायची हाव नंतर लागली. ती विजूची एकट्याची न्हाय, माझीबी."

काकानं वडा गिळला. "माझ्याकडं बघू नको तशी," तो पूर्णिमाला म्हणाला. "मला काय राग बिग येणार न्हाय. म्हंजे येणार हाय. पर त्यो माझा मी बघतो. तू बोल एकदाचं. रस्सा निवायला लागलाय."

"विक्री तुम्हीच बघणार असाल तर," पूर्णिमा म्हणाली.

"मग काय, तू बघणार? तू गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगशील."

कुणीतरी हसलं. बाहेर तिसऱ्या पंगतीतून खर्डा मागणारी हाक आली आणि घरात आता वाढण्यापुरताही खर्डा उरला नव्हता, तरी कुणी उठलं नाही. पूर्णिमानं आम्लतेच्या पट्ट्यांची डबी बंद करून पर्समध्ये टाकली.

"कॉलेज सोडते," ती म्हणाली. "सोमवारपासून कारखाना मी बघणार. पावडर त्या दिवसापासून बंद. आणि पृथ्वी, ती तुळस आधी काढ."